एका परदेश-दौऱ्याचा हिशेब

माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात व्हायोलिन घेऊन युरोपात गेला आणि पाच आठवड्यांनी परत आला. कोणी सरकारी पाहुणा म्हणून त्याला बोलावले नव्हते, कुठल्या कंपनीने पाठवले नव्हते. ओळखीतून ओळख काढत, पत्रे लिहीत त्याने चौदा कार्यक्रम जमवले होते. मुक्काम ऐकणाऱ्यांच्याच घरी, प्रवास रात्रीच्या बसने, जेवण यजमान देतील ते. विमानाचे भाडे त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरी आला, व्हायोलिनची पेटी कोपऱ्यात ठेवली आणि एक शाईने बरबटलेली वही माझ्यापुढे टाकली. "मामा, जरा हिशेब बघा ना. मला तर काही कळंना झालंय." मी आयुष्यभर लेखापरीक्षण खात्यात डोके घातले, त्यामुळे घरात कोणाचाही हिशेब अडला की वही माझ्याकडे येते.

हिशेबात विशेष काही नव्हते. तूट होती, पण फार मोठी नाही. एका ठिकाणच्या आयोजकाने ठरलेल्यापैकी निम्मेच दिले होते, दुसऱ्या ठिकाणी टोपी फिरवून अपेक्षेपेक्षा अधिक जमले होते. मला धक्का बसला तो निराळ्याच आकड्यांनी. त्याने प्रत्येक कार्यक्रम फोनवर मुद्रित केला होता आणि मी ते सगळे, एक सोडून, ऐकले. पहिल्या कार्यक्रमात वाजवण्याआधी तो चार मिनिटे बोलतो. राग म्हणजे काय, ताल म्हणजे काय, एवढेच. सातव्या कार्यक्रमात हे बोलणे अकरा मिनिटांवर जाते. चौदाव्यात बावीस मिनिटे! आणि खरे सांगायचे तर तो बोलतो छान. लोक हसतात, टाळ्या देतात. वाजवणे मात्र पहिल्या कार्यक्रमात पन्नास मिनिटांचे होते ते शेवटी पस्तिसावर आलेले. रोखीच्या वहीत हा खर्च कुठेच मांडलेला नव्हता.

ते मुद्रण ऐकत असताना मला सारखे इनायत खाँ आठवत होते. या नावाशी आपल्याकडच्या वाचकांची ओळख असलीच तर ती सूफी संत म्हणून, किंवा नूर इनायत खान या त्यांच्या शूर मुलीमुळे. पण ते मूळचे बडोद्याचे गवई होते, पुढे काही वर्षे आमच्या हैदराबादेत राहिले, आणि आजच्या भाषेत ज्याला 'स्वतंत्र कलावंताचा कमी खर्चाचा परदेश-दौरा' म्हणतात तसा दौरा त्यांनी ११० वर्षांहून अधिक काळापूर्वी काढला होता. त्या दौऱ्याकडे दौरा म्हणून, गाण्याच्या बाजूने पाहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही. शिष्यमंडळींच्या दृष्टीने तो धर्मकार्याचा आरंभ आहे, इतिहासकारांच्या दृष्टीने पूर्व-पश्चिम भेटीचा एक प्रसंग. मला त्यात एक गवई दिसतो, ज्याला दर महिन्याला खोलीचे भाडे भरायचे आहे.

बडोद्यापासून सुरुवात करायला हवी. इनायत खाँ यांचे आजोबा मौलाबक्ष हे आपल्या संगीताच्या इतिहासातले मोठे चमत्कारिक गृहस्थ. उत्तरेचा हा गवई म्हैसूरकडे गेला, कर्नाटक संगीत शिकला, आणि दोन्ही पद्धती अंगात मुरवून सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात स्थिरावला. १८८६ साली तिथे गायनशाळा निघाली, तिचे ते प्रमुख. स्वतःची स्वरलेखन पद्धती त्यांनी बनवली, क्रमिक पुस्तके छापली. जानकी बखले यांच्या २००५ सालच्या 'टू मेन अँड म्युझिक' या इंग्रजी ग्रंथात भातखंडे आणि पलुस्कर यांच्याआधीच्या पिढीतला महत्त्वाचा माणूस म्हणून मौलाबक्षांची दखल घेतली आहे, आणि ते योग्यच झाले. अशा घरात ५ जुलै १८८२ रोजी इनायत खाँ जन्मले. वडील रहमत खाँ पंजाबकडचे ध्रुपदिये. (हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ, जे विष्णुपंत छत्र्यांबरोबर होते, ते हे नव्हेत, नावाच्या सारखेपणाने अनेकदा घोटाळा होतो.) एक मामा लंडनला जाऊन तिथल्या रॉयल अकॅडमीत शिकून आलेले. मराठी राज्यकर्ते, गुजराती प्रजा, हिंदुस्तानी गाणे, कर्नाटकी वीणा आणि दरबारात विलायती बँड, असा सगळा कारभार. विशीत पोहोचले तेव्हा इनायत खाँ त्याच शाळेत शिकवत होते आणि हार्मोनियम व फिडल शिकवणारी त्यांची पुस्तके छापून झाली होती. म्हणजे ज्याला अगोदरच समजावून सांगण्याची सवय आहे असा हा गवई. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९०३ च्या सुमारास ते हैदराबादेत आले. सहावे निजाम महबूब अली खाँ यांची कारकीर्द, पंतप्रधान महाराजा किशनप्रसाद, जे स्वतः 'शाद' या नावाने उर्दूत लिहीत. किशनप्रसादांच्या मध्यस्थीने निजामांपुढे गाणे झाले, मानसन्मान झाला. इथेच त्यांना सय्यद अबू हाशिम मदनी हे गुरू भेटले. आणि इथेच त्यांनी 'मिन्कार-ए-मूसीकार' हा उर्दू ग्रंथ लिहिला: राग, ताल, वाद्ये, नृत्य अशा सगळ्या अंगांचा शास्त्रग्रंथ. तो अलाहाबादेस छापून बाहेर पडला १९१२ साली, तेव्हा लेखक युरोपात होता. आपल्या माणसांसाठी, आपल्या माणसांच्या भाषेत केलेले स्पष्टीकरण इकडे छापले जात होते आणि लेखक तिकडे परक्या भाषेत सुरुवातीपासून सगळे पुन्हा समजावून सांगत होता! या ग्रंथाचा ॲलिन मायनर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये निघाला. मराठीत तो यावा असे मला फार वाटते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत उर्दू वाचणारे आजोबा असत. ती पिढी आता गेली. नाहीतर हे काम नांदेडला किंवा बिदरला बसूनही झाले असते.

१९०७ मध्ये गुरू वारले. त्यानंतर इनायत खाँ हैदराबादेत रमले नाहीत. अजमेर, दक्षिणेतली शहरे, सिलोन, रंगून, कलकत्ता अशी त्यांची भ्रमंती झाली. प्रवासात एकदा सगळी पदके एका गाडीत राहून गेली ती परत मिळालीच नाहीत, असे त्यांनी सांगितले आहे. कलकत्त्यातच १९०९ साली ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी ध्वनिमुद्रणे केली, आणि ती या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहेत. १९९४ साली त्यांचा संच पुन्हा प्रसिद्ध झाला, म्हणून आपल्याला ते ऐकायला मिळतात.

मी ती पुनःपुन्हा ऐकली आहेत. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, त्या काळच्या भोंग्यापुढे ओरडून म्हणायचे, मागे खरखर. तरीही त्या खरखरीतून जो माणूस ऐकू येतो तो सत्तावीस वर्षांचा, घाईत असलेला, आपल्या विद्येविषयी तिळमात्र शंका नसलेला गवई आहे. शब्द स्वच्छ. तान घेताना तो कुणाला काही सिद्ध करून दाखवतो आहे असे वाटत नाही, ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे असे गृहीत धरून पुढे जातो. मला या मुद्रणांत सर्वांत प्रिय असलेली गोष्ट हीच: हे गृहीत धरणे. समोरच्याला अस्ताई म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, म्हणून तीन मिनिटेसुद्धा पुरतात. ही मुद्रणे थोर आहेत असे मी म्हणणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्यावर जसे अंगावर रोमांच येतात तसे इथे होत नाही. पण एक जाणता, तयारीचा, वाढण्याच्या वयातला गायक इथे निःसंशय आहे, आणि तो पुढे कसा वाढला हे कळायला आपल्याकडे काहीच साधन नाही.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खाँ मुंबईहून बोटीने निघाले. सोबत धाकटे बंधू महेबूब खाँ आणि चुलतबंधू मुहम्मद अली खाँ. सर्वांत धाकटे मुशर्रफ खाँ मागाहून जाऊन मिळाले. तबल्याला रामस्वामी नावाचे गृहस्थ तिकडेच भेटले. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान' असे त्यांनी स्वतःचे नाव ठेवले. नावात 'रॉयल' असले तरी राजा कोणताच पाठीशी नव्हता. आपल्याकडे सर्कशीच्या तंबूवरही 'रॉयल' लिहिलेले असे, त्याच जातीचे हे नाव. यात त्यांची फसवेगिरी दिसत नाही, फक्त बाजाराची समज दिसते.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पहिले सादरीकरण झाले. पण विद्यापीठाच्या एका संध्याकाळीवर तीन-चार माणसांचे पोट किती दिवस चालणार? तेव्हा आली रूथ सेंट डेनिस. ही अमेरिकन नर्तकी १९०६ पासून 'राधा' वगैरे नावांची भारतीय धाटणीची नृत्ये रंगभूमीवर करत होती. भारतात ती तोवर आलेलीही नव्हती. १९११ च्या तिच्या दौऱ्यात इनायत खाँ आणि मंडळी साथीला गेली. शहरामागून शहर, नियमित पगार, नाट्यगृहाच्या अंधारात पडद्याच्या कडेला बसून गाणे. आपल्या आत्मकथनात इनायत खाँनी या बाईंच्या कल्पकतेला पुरते श्रेय दिले आहे. मात्र त्याचबरोबर, अस्सल गाणे नकली नाचाला रंग चढवायला वापरले जात होते आणि प्रेक्षकांना ती केवळ करमणूक होती, याचा जिवाला त्रास झाला, हेही सांगून टाकले आहे. मला त्यांच्या आत्मकथनातला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. एरवीचे लेखन मागाहून, गुरुपदावर बसल्यानंतरचे. त्यात प्रत्येक घटनेला अर्थ प्राप्त झालेला. इथे मात्र एक गवई साधी तक्रार करतो आहे.

पॅरिसला हाच प्रकार माता हारीच्या बाबतीत झाला. पुढे १९१७ साली हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घालून मारली गेली ती हीच; तिच्या 'पौर्वात्य' नाचाला या मंडळींनी साथ केली. लंडनला १९१२ मध्ये काही जाणकार भेटले. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी, ज्यांचा 'द म्युझिक ऑफ हिंदोस्तान' १९१४ साली निघाला, आस्था दाखवली. पॅरिसला द्यब्युसीसारखा संगीतकारही भेटला. हे सगळे जाणकार आस्थेचे होते यात संशय नाही. पण ते भेटले ते एकेकटे, त्यांची मैफल झाली नाही. आणि गवय्याला जाणकार एकेकटे मिळून भागत नाही. मिरजेच्या माडीवर मागच्या भिंतीला टेकलेला, रागाचे नावही माहीत नसलेला जो माणूस सम आली की मान हलवतो, तो त्याला हवा असतो. तो कोलंबिया विद्यापीठात नसतो.

१९१३ च्या शरदात मंडळी मॉस्कोला गेली. तिथे 'माक्सिम' नावाच्या ठिकाणी त्यांचे गाणे होते. हे नाव ऐकून वाचकांनी भलती कल्पना करून घेऊ नये. ती रात्रीची खाण्यापिण्याची, नाचगाण्याची जागा होती. चालक फ्रेडरिक ब्रूस थॉमस हा अमेरिकेत मिसिसिपीत जन्मलेला कृष्णवर्णीय, ज्याचे आईबाप गुलामगिरीतून सुटलेले होते. तो रशियात येऊन श्रीमंत झाला होता. हे चित्र मला विसरता येत नाही. बाहेर मॉस्कोची थंडी, आत शॅम्पेनचे पेले, मालक गुलामांचा मुलगा, आणि व्यासपीठावर मौलाबक्षांचा नातू वीणा घेऊन. त्याच मॉस्कोत, १ जानेवारी १९१४ रोजी, नूर जन्मली. तिची आई ओरा रे बेकर ही अमेरिकन, १९१३ मध्ये लंडनला तिचे इनायत खाँशी लग्न झाले होते. पैशाची नड किती असेल हे निराळे सांगायला नको. त्याच मुक्कामात तिथल्या नाट्यमंडळींशीही संबंध आला. १९१४ च्या डिसेंबरात मॉस्कोत कामेर्नी थिएटर उघडले ते 'शाकुंतला'नेच, आणि त्याच्या संगीतासाठी इनायत खाँच्या चालींचा उपयोग झाला. तोवर खाँसाहेब मात्र रशिया सोडून गेले होते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ज्या 'शाकुंतला'ने मराठी संगीत रंगभूमी उभी केली तेच नाटक! किर्लोस्करांच्या गावी, गुर्लहोसूरला, हे कोणी सांगितले असते तर किती नवल वाटले असते.

मग महायुद्ध आले आणि मंडळी लंडनला अडकली. इथून पुढे मैफलींची संख्या घटत जाते आणि व्याख्यानांची वाढत जाते. अमेरिकेत असतानाच हे सुरू झाले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मंदिरात १९११ साली ते गायले आणि बोलले. गाणे ऐकून लोक टाळ्या वाजवून घरी गेले, बोलणे ऐकून एक बाई शिष्या झाली. पुढे हे प्रमाण कायम राहिले. १९२० नंतर ते प्रामुख्याने प्रवचनकार आहेत. १९२२ मध्ये पॅरिसजवळ स्युरेन इथे एका डच शिष्येच्या मदतीने घर मिळाले, 'फजल मंझिल'. १९२३ मध्ये 'द मिस्टिसिझम ऑफ साउंड' हे पुस्तक निघाले, ते नादाविषयीच आहे. त्यात सारे विश्व नादमय झाले आहे, फक्त वीणा पेटीत गेली आहे. १९२६ अखेर ते हिंदुस्थानात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी, पंचेचाळिशी पुरी होण्याआधी, दिल्लीत वारले.

शिष्यपरंपरा याला त्याग म्हणते: गुरूंच्या आज्ञेसाठी गाणे अर्पण केले. इनायत खाँनीही तसेच सांगितले आहे. त्यांच्या अध्यात्माविषयी मला काही म्हणायचे नाही, तो माझा अधिकार नाही आणि अनेक माणसांना त्यातून आधार मिळाला आहे. पण समीक्षकाने 'त्याग' हा शब्द आला की जरा थांबावे. त्याग एकदम होतो. इथे घडले ते हप्त्याहप्त्याने. आधी नाचाला साथ म्हणून गाणे आखूड झाले. मग समजावून सांगणे वाढले. मग समजावून सांगणेच लोकांना अधिक आवडू लागले. ज्याला गाऊन एक श्रोता मिळत नाही आणि बोलून दहा मिळतात, त्याने काय करावे? वर तो शिक्षकाच्या घराण्यातला, हार्मोनियमची पुस्तके लिहिलेला, बोलण्यात तरबेज. मुका, हट्टी, फक्त गाणे येणारा गवई असता तर तो १९११ सालीच उपाशी परत आला असता, आणि कदाचित आपल्याला त्याच्या तिशी-चाळिशीतल्या तबकड्या मिळाल्या असत्या. बंधू महेबूब खाँ यांनी पाश्चात्त्य स्वरमेळ शिकून पियानोच्या साथीची गीते रचली, हाही एक मार्ग होता. ती गीते प्रामाणिक आहेत, सुबकही आहेत. पण घराण्यातला माणूस त्यांत शोधावा लागतो.

दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. इनायत खाँ हैदराबादेतच राहिले असते तर? महबूब अली खाँ ऑगस्ट १९११ मध्ये वारले, १९१२ मध्ये किशनप्रसादांचे पद गेले. ज्या दोन खांबांवर त्यांचा इथला मान उभा होता ते दोन वर्षांत हलले. दरबारी आश्रय म्हणजे काही जन्माची भाकरी नव्हे. शिवाय 'घरी राहिला म्हणजे गाणे वाचते' हेही खरे नाही. घरी राहून, लग्नकार्यांत गाऊन, शिकवण्या करून विझलेले गवई प्रत्येक तालुक्याने पाहिले आहेत. निघणे चूक नव्हते. निघाले तर सगळेच. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडले ते खिशात काही नसताना, डोळ्यांनी अधू असताना. तेही आधी बडोद्याला गेले, सौराष्ट्रात तिकीट लावून गायले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अब्दुल करीम खाँ बडोद्याची नोकरी सोडून निघाले ते अखेर मिरजेला आले, आणि धारवाड, हुबळी, म्हैसूर, मद्रास असे कर्नाटकी मुलूख आपल्या आवाजाने जिंकत राहिले. १९३७ साली मद्रासकडे एका छोट्या रेल्वे स्टेशनवर देह ठेवला तोही दौऱ्यावरच. भाषा त्यांनाही परकी होती. मद्रासच्या श्रोत्यांना हिंदुस्तानी बंदिशीचे शब्द कुठे कळत होते? पण श्रुतीला कान तयार होता. तमिळ श्रोत्याला राग म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते, त्याच्याकडे स्वतःचे राग होते.

आम्ही दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसे ही गोष्ट अंगाने जाणतो. चिक्कडपल्लीत शेजारच्या तेलुगू मामींना मी अभंग समजावून सांगत नाही. त्या त्यागराजांच्या कृती ऐकत मोठ्या झाल्या, त्यांना भक्तीही कळते आणि ठेकाही. शब्द कळले नाहीत तर त्या विचारतात, एवढेच. पण तेच एखाद्या अनोळखी सभेत मराठी म्हणजे काय, आम्ही इथे कधी आलो, का आलो, हे सांगायला उभे राहावे लागले की अर्धा वेळ ओळखीतच जातो, आणि काही वर्षांनी ती ओळखच आपण पाठ म्हणू लागतो. आमच्या मंडळांच्या वार्षिक स्मरणिका काढून बघा. 'आपली परंपरा' या विषयावर किती पाने आहेत, आणि त्या वर्षी कोणी लिहिलेली नवी कविता किती!

इनायत खाँच्या नंतर जे गेले त्यांनी यातून शिकून घेतले असावे. १९३० नंतर उदय शंकर यांनी युरोप-अमेरिकेत दौरे केले तेव्हा नाच आणि संगीत दोन्ही स्वतःचे होते, आणि संगीत सांभाळणाऱ्यांत पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी होते. कार्यक्रमाचा वेळ आखीव, छापील पत्रक हातात, बोलणे कमी. त्यात तडजोडी नव्हत्या असे नाही, तुकडे आखूडच होते. पण कोणाच्या नाचाला रंग देण्याचा प्रश्न उरला नव्हता.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो ऐकून घेतो, पण लगेच मान्य करत नाही, हा त्याचा गुण आहे. तो म्हणाला, "मामा, तुमचे खाँसाहेब न बोलते तर तिकडं कुणी बसूनच राहिलं नसतं. मी पहिल्या दोन कार्यक्रमांत कमी बोललो, तर अर्धे लोक मध्यांतरात उठून गेले. चौदाव्याला एक माणूस हलला नाही." मग थोड्या वेळाने, वहीची पाने उगाच चाळत, "पण शेवटी शेवटी वाजवताना मला कंटाळा यायचा. बोलताना येत नव्हता."

मी गप्प बसलो. यावर काय बोलणार? मुद्रणात तो कंटाळा ऐकू येतो, हे मी त्याला सांगितले नाही. अकराव्या कार्यक्रमापासून तो आलापात तीच ती जागा घेतो, जिथे आधीच्या दिवशी कोणीतरी 'आहा' म्हटले असावे. गुरूकडे तो सात वर्षे पहिल्या बैठकीत जे शिकला, ती स्वराला धीर देण्याची रीत, पाच आठवड्यांत सैल झाली आहे. गेलेली नाही, सैल झाली आहे. सव्वीस वर्षांचा आहे, परत येईल.

पुढच्या वर्षीचे आमंत्रण आले आहे. या वेळी अठरा कार्यक्रम, भाडे निम्मे आयोजक देणार. पत्रात एक अट आहे: प्रत्येक कार्यक्रमापूर्वी अर्ध्या तासाचे 'भारतीय संगीताची ओळख' हे व्याख्यान द्यावे, श्रोत्यांना गेल्या वेळी ते फार आवडले. बहिणीने मला विचारले, "दादा, काय सांगू त्याला?" पाटल्या अजून सुटायच्या आहेत, त्यामुळे तिच्या विचारण्याला वजन आहे. मी म्हटले, त्याचे तो ठरवील.

त्याने अजून उत्तर पाठवलेले नाही. मात्र कार्तिकात त्यागराय गानसभेत त्याचे वादन आहे, आणि पत्रिका तेलुगू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापायला दिली आहे. कच्चा मजकूर मी तपासला. निवेदकाच्या नावासाठी सोडलेली जागा त्याने पेन्सिलने खोडली आहे आणि तिथे तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या मुलीचे नाव घातले आहे. वेळ साडेसहा ते साडेआठ. गेले पंधरा दिवस पहाटे साडेपाचला वरच्या मजल्यावरून एकच स्वर ऐकू येतो, बराच वेळ. शेजारच्या मामी काल जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, पोरगा परत आला वाटतं.